लिनक्सवर इंकजेटचा प्रिंट नीट यावा म्हणून: आधी कागद, मग बाकी सगळं

लिनक्सवर इंकजेटचे फोटो फिके येतात, नाहीतर काळवंडतात, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिलं हेच विचारते: ट्रेमध्ये कागद कुठला घातलास, आणि प्रिंटरला कुठला सांगितलास? बहुतेकदा ट्रेमध्ये ग्लॉसी असतो आणि सेटिंगमध्ये साधा. मग रंग कितीही ओढाताण करून बदला, फोटो मनासारखा येत नाही.

घरगुती इंकजेटला कागद दिसत नाही. तुम्ही सांगाल तेच तो खरं मानतो, आणि त्यावरून ठरवतो शाई किती सोडायची, थेंब किती बारीक, कुठल्या टाक्या किती वापरायच्या, एकाच पट्टीवरून शाई सोडणारं हेड किती वेळा फिरवायचं. साध्या कागदात शाई शोषली जाऊन पसरते, म्हणून तिथे हात आखडता. ग्लॉसीवर लेप असतो, तो शाई वरच्या वर धरून ठेवतो, म्हणून तिथे बारीक थेंब आणि जास्त फेऱ्या. ग्लॉसी घालून ‘प्लेन पेपर’ सांगितलं तर केस राखाडी दिसतात आणि गालावर दाणे उठतात. उलट केलं तर कागद ओला होऊन लाटा येतात. विंडोजमध्ये कंपनीची मोठी खिडकी समोर येऊन कागद विचारते. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रामची प्रिंटची खिडकी वेगळी, कागदाचा प्रकार तिसऱ्या-चौथ्या टॅबमध्ये, आणि काही न निवडता पुढे गेलं की बहुधा ‘साधा’ धरलं जातं.

चिपळुणात माझं डीटीपी आणि फोटोचं दुकान आहे. टेबलावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) चालणारा कॉम्प्युटर, शेजारी एप्सनचा एल८०५ प्रिंटर. सहा शायांचा: काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, शिवाय फिका सायन आणि फिका मॅजेंटा. फॉर्मला लावायचे फोटो, फ्रेममध्ये घालायचे जुने फोटो आणि मराठी मजकुराची पानं, एवढंच काम त्याच्यावर चालतं. खाली जे सांगते ते याच मशीनवरचं, पण रीत कुठल्याही इंकजेटला तीच.

आधी नोझल

सेटिंगला हात लावण्याआधी नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या सगळ्या बारीक छिद्रांतून (नोझलमधून) शाई येते का ते दाखवणारं जाळीचं पान. एल३११० सारख्या पडदा नसलेल्या मॉडेलवर मशीन बंद करून स्टॉपचं बटण दाबून ठेवायचं आणि तसंच पॉवर चालू करायचं. एप्सनची लिनक्ससाठी ‘प्रिंटर युटिलिटी’ आहे, तिच्यातूनही निघतो. जुन्या एप्सनवर गुटेनप्रिंट या मोफत ड्रायव्हरसोबत येणारं एस्कप्युटिल हे टर्मिनलचं साधन यूएसबीवरून तेच काम करतं. एचपी असेल तर एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरच्या टूलबॉक्समध्ये सफाई आणि अलाइनमेंट (हेडच्या फेऱ्या जुळवणं) दोन्ही आहे. टाकीवाल्या प्रिंटरवर सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी शाईची पातळी अंदाजाची असते. टाकीकडे डोळ्यांनी बघा.

जाळीत रेघ तुटलेली दिसली तर सफाई. तीनदा करूनही तुटलेलीच असेल तर थांबा. सफाईत बरीच शाई वाया जाते आणि ती सगळी मशीनच्या पोटातल्या स्पंजात साठते. तो स्पंज भरला की मशीन अडून बसतं. एप्सनची पुस्तिकाही अशा वेळी किमान १२ तास मशीन तसंच ठेवायला सांगते. रात्रभरात सुकलेली शाई मऊ होते आणि सकाळच्या एका सफाईत काम होतं.

मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी एक खूण सांगते, कारण देवनागरीत बिघाड फार चटकन दिसतो. शिरोरेषा मध्येच पातळ झाली किंवा एखाद्या ओळीत पुसल्यासारखी दिसली, तर नोझल तुंबलंय. शिरोरेषा धड आहे, पण काना आणि वेलांटीचा दांडा जिन्यासारखा तुटून बाजूला सरकलाय, तर नोझल ठीक आहे, अलाइनमेंट बिघडलंय. हेड जाताना आणि येताना दोन्हीकडे छापतं. दोन्ही फेऱ्या एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की उभ्या रेघा आधी फुटतात. अलाइनमेंटचं पान काढून दुरुस्त करा. तेवढा वेळ नसेल तर गुटेनप्रिंटमध्ये छपाईची दिशा एकेरी करता येते. वेळ लागतो, पण काना सरळ येतो.

ड्रायव्हर कुठला

लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार कप्स नावाचं सॉफ्टवेअर बघतं. मायकेल स्वीट यांनी ते १९९७ मध्ये लिहायला घेतलं, १९९९ मध्ये बाहेर आणलं. पुढे ॲपलने ते मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. आता लिनक्सच्या बाजूने ओपनप्रिंटिंग ही मंडळी ते सांभाळतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मोफत प्रणालीवरही हेच कप्स चालतं, त्यामुळे इथलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

कप्सला प्रिंटर जोडायच्या वाटा तीन. पहिली, ड्रायव्हरशिवाय. नवे वायफायवाले प्रिंटर कप्सशी थेट बोलू शकतात, आपोआप यादीत येतात, आणि पत्रं, बिलं, पीडीएफ यांना काही कमी पडत नाही. पण कागदाचे प्रकार त्यात मोजकेच दिसतात, आणि फोटोला मला ते पुरत नाहीत. दुसरी, कंपनीचा ड्रायव्हर: एप्सनचा ‘एस्कपीआर’, एचपीचा एचपीएलआयपी, आणि कॅननचीही बऱ्याच मॉडेलांसाठी लिनक्सची पॅकेजं आहेत. तिसरी, गुटेनप्रिंट.

गुटेनप्रिंटबद्दल मला मनापासून आदर आहे. मुळात तो गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्राममधून छपाई करण्याचा एक छोटा प्लगइन होता, तोही मायकेल स्वीट यांचाच. १९९९ मध्ये रॉबर्ट क्राविट्झ यांनी एप्सनचा स्टायलस फोटो ईएक्स घेतला आणि त्यावर चांगले फोटो यावेत म्हणून ते काम हाती घेतलं. म्हणूनच त्यात फोटो छापणाऱ्याला लागतं ते सगळं आहे: शाईची घनता, प्रत्येक रंगाचा गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा), ठिपके मांडण्याच्या वेगवेगळ्या पद्धती, रंगदुरुस्ती चालू-बंद. तुमचं मॉडेल त्याच्या यादीत असेल तर जरूर वापरून बघा. नसेल तर जवळच्या नावाचं मॉडेल निवडून ढकलू नका. कंपनीचा ड्रायव्हर बरा. टर्बोप्रिंट म्हणून पैसे देऊन घ्यायचाही एक ड्रायव्हर आहे, त्याची मला गरज लागलेली नाही.

मी रोजच्या कामाला एस्कपीआर वापरते. त्यात कागद आणि दर्जा एकाच यादीत जोडीनं असतात: साधा कागद-स्टँडर्ड, प्रीमियम ग्लॉसी-हाय, मॅट-हाय असे. निवडायला सोपं पडतं.

कागदागणिक वेगळी क्यू

हा सगळ्यात कामाचा भाग. दर वेळी सेटिंग बदलायचं नाही. एकाच प्रिंटरच्या अनेक क्यू, म्हणजे प्रिंटरच्या यादीत दिसणारी वेगवेगळी नावं, करायच्या, प्रत्येक क्यू एका कागदाची.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ टाका. कप्सचं पान उघडेल. तुमचं नाव ‘एलपीॲडमिन’ गटात असायला हवं, नाहीतर पासवर्ड देऊनही आत घेत नाही. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मधून ‘ॲड प्रिंटर’, आणि आपला प्रिंटर निवडा. नाव देताना मध्ये मोकळी जागा, तिरपी रेघ किंवा हॅशचं चिन्ह चालत नाही. वर्णनाच्या रकान्यात मात्र मराठीत हवं ते लिहा. ड्रायव्हर निवडला की ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’चं पान येतं. तिथे कागदाचं माप, कागदाचा प्रकार आणि दर्जा पक्का करून टाका. मग पुन्हा ‘ॲड प्रिंटर’, पुन्हा तेच मशीन, वेगळं नाव, वेगळा कागद. कप्सला याची काही अडचण नाही. एका क्यूचं काम चालू असेल तर दुसरीचं थांबून राहतं.

माझ्याकडे चार आहेत. ‘साधा’: ए४, साधा कागद, स्टँडर्ड, हीच डिफॉल्ट. ‘फॉर्मफोटो’: ४ बाय ६ इंच, ग्लॉसी, कडा सोडून. ‘ग्लॉसी’: ए४, बिनकडेचा, वरचा दर्जा. ‘मॅट’: जुन्या फोटोंसाठी. दुकानात मदतीला येणाऱ्या मुलीला मी सेटिंग शिकवलेलं नाही. ट्रेमध्ये जो कागद घातलास त्या नावावर प्रिंट दे, एवढंच सांगितलंय, आणि तिचे प्रिंट माझ्याइतकेच चांगले येतात.

क्यूमध्ये काय ठरलंय याची खात्री करायला टर्मिनलवर एलपीऑप्शन्स ही कमांड द्या, पुढे वजा पी आणि क्यूचं नाव, मग वजा एल. सगळे पर्याय येतात, आणि ज्याच्याआधी तारांकन आहे तो सध्या लागू असलेला. आपोआप तयार झालेली बिनड्रायव्हरची क्यू यादीत दिसत असेल तर तिला डिफॉल्ट होऊ देऊ नका. फोटो चुकून तिकडे गेला की पुन्हा साध्या कागदाचंच सेटिंग लागतं.

आता, बाजारात मिळणाऱ्या १८० जीएसएम वजनाच्या ग्लॉसीच्या पाकिटावर जे नाव असतं ते ड्रायव्हरच्या यादीत नसतं. तिथे अंदाज नको, चाचणी घ्या. एक चेहऱ्याचा फोटो घ्या, ज्यात काळे केस, पांढरा शर्ट आणि मागे सपाट रंगाची भिंत आहे. त्याच कागदावर, त्याच मापात तो तीन-चार वेगवेगळ्या कागद-प्रकारांवर काढा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं सेटिंग लिहून ठेवा. केसांकडे बघा: शाई साचून चकाकणारं तळं झालं असेल तर त्या सेटिंगला शाई जास्त पडतेय. भिंतीकडे बघा: आडवे पट्टे दिसत असतील तर दर्जा एक पायरी वर न्या. शर्टाच्या घडीतली फिकी सावली दिसतेय का तेही बघा. हलक्या ग्लॉसीवर ‘प्रीमियम ग्लॉसी’पेक्षा ‘फोटो पेपर ग्लॉसी’ बऱ्याचदा बरं बसतं, कारण तो लेप तेवढी शाई पेलत नाही. गुटेनप्रिंट असेल तर घनता १ वरून ०.८५ पर्यंत आणून बघा. कागदाचा ब्रँड बदलला की चाचणी पुन्हा. शाई बदलली तरी पुन्हा.

फाइल कशी असावी

लोक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे तो आकसतो, लांबची बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास राहते. ६ इंचात तेवढे बसवले तर इंचाला साधारण २६६ पिक्सेल पडतात, म्हणजे ४ बाय ६ ला चालेल. ए४ ला नाही. मोठा प्रिंट हवा असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं मी आधीच सांगते.

आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रंगाच्या मापात असतात, आणि आपला ड्रायव्हर एसआरजीबी हे नेहमीचं माप धरून चालतो. मधल्या एखाद्या प्रोग्रामनं फोटोसोबतचं प्रोफाइल, म्हणजे रंग कुठल्या मापात आहेत ही नोंद, गाळलं की चेहरे मलूल दिसतात. गिंपमध्ये ‘इमेज’, ‘कलर मॅनेजमेंट’, ‘कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल’ इथे जाऊन एसआरजीबी करून घ्या. मगच प्रिंट.

एप्सनच्या हेडची मोजणी ३६० च्या पाढ्यात चालते, म्हणून मी फाइल ३६० पीपीआयला (इंचाला ३६० पिक्सेल) करते: ४ बाय ६ म्हणजे १४४० बाय २१६०. एचपी आणि कॅननला ३०० चा पाढा. डोळ्याला फरक थोडाच, पण बारीक अक्षरं आणि साडीची जर यांत कळतो. माप बदलून झाल्यावर शेवटी ‘अनशार्प मास्क’ (गिंपमधलं कडा धारदार करायचं साधन), त्रिज्या १ च्या आसपास, जोर ०.५. स्क्रीनवर किंचित जास्त धारदार वाटलं तर कागदावर बरोबर येतं.

३५ बाय ४५

फॉर्मच्या फोटोला रंगापेक्षा माप महत्त्वाचं. ३६० पीपीआयला ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ४९६ बाय ६३८ पिक्सेल. ४ बाय ६ च्या कागदावर आडवे चार आणि उभे दोन, असे आठ बसतात. फोटोंमध्ये २ मिलिमीटर अंतर ठेवलं तरी डावी-उजवीकडे प्रत्येकी ३ मिलिमीटरहून थोडी जास्त कड उरते, आणि बहुतेक एप्सनला तेवढी पुरते.

इथे बिनकडेचं माप कधीच घेऊ नका. बिनकडेच्या छपाईत ड्रायव्हर चित्र किंचित फुगवतो, म्हणजे कागद सरकला तरी पांढरी पट्टी राहू नये. लग्नाच्या फोटोत ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण फॉर्मचा फोटो चौकटीबाहेर जातो. पीडीएफवरून छापत असाल तर दुसरी जागा सांभाळा: डॉक्युमेंट व्ह्यूअरच्या प्रिंट खिडकीत ‘पेज स्केलिंग’ मुळात ‘श्रिंक टू प्रिंटेबल एरिया’वर असतं. ते ‘नन’ करा. ओक्युलर या पीडीएफ बघायच्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही तसाच पर्याय आहे. पहिला प्रिंट निघाला की पट्टी लावून ४५ मिलिमीटर मोजा, मगच कात्री.

काळा-पांढरा

पितृपक्षाच्या आधी जुने फोटो मोठे करून घ्यायला लोक येतात. आजोबांचा एकुलता एक फोटो, कोपरा दुमडलेला, मागे स्टुडिओचा शिक्का. हे काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि इंकजेटला सगळ्यात कठीण तेच जातं.

सेटिंगमध्ये ‘मोनो’ किंवा ‘ग्रेस्केल’ निवडावंसं वाटतं. निवडू नका. मग फक्त काळी शाई वापरली जाते, आणि फिक्या जागी, म्हणजे कपाळावर, पांढऱ्या फेट्यावर, काळे ठिपके विरळ पडून मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. एल८०५ मध्ये राखाडी शाई नाही. म्हणून रंगीतच ठेवायचं. सगळ्या शाया मिळून राखाडी करतात, आणि फिका सायन, फिका मॅजेंटा असल्यामुळे गालावरचा उतार मऊ येतो.

पण मग झाक मारते. कधी हिरवी, कधी जांभळी. रंगीत फोटोत एवढी झाक खपून जाते, राखाडीत डोळा ती लगेच पकडतो. त्यात ट्यूबलाइटखाली एक दिसतं आणि उन्हात दुसरं. मी असं करते. गिंपमध्ये फोटो ‘आरजीबी’ मोडमध्ये असल्याची खात्री करून चेहऱ्याचा तुकडा कापते, त्याच्या नऊ प्रती एका ४ बाय ६ वर मांडते. मधली जशीच्या तशी. बाकी आठ ‘कलर बॅलन्स’मध्ये मिडटोनवर थोड्या थोड्या हलवते: सायन-रेडवर अधिक ३, यलो-ब्ल्यूवर वजा ६, असे बारीक बदल, आणि प्रत्येकीखाली आकडा. त्याच मॅट कागदावर काढून सुकू देते आणि दुसऱ्या दिवशी दाराशी, दिवसाच्या उजेडात बघते. घाईनं ओला प्रिंट बघून ठरवू नये, सुकताना रंग थोडा हलतो. जो तुकडा राखाडी वाटेल त्याचे आकडे पूर्ण फोटोला.

पूर्ण तटस्थ राखाडीपेक्षा मी कणभर उबदार बाजू पसंत करते. उजेड बदलला तरी उबदार फोटो उबदारच दिसतो, तटस्थ मात्र हिरवट व्हायला वेळ लागत नाही. मूळ फोटोही बहुधा तपकिरीकडे झुकलेला असतो, घरच्यांना तोच ओळखीचा.

प्रोफाइल हवं का

कागदाच्या कंपन्या संकेतस्थळावर आयसीसी प्रोफाइल देतात. ती सहसा त्यांनी विंडोजच्या किंवा मॅकच्या ड्रायव्हरवर काढलेली असतात. प्रोफाइल म्हणजे प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हर या चौघांचं एकत्र मोजमाप. ड्रायव्हर वेगळा की ते लागू नाही. स्वतःचं करायचं तर अर्गिल सीएमएस लिनक्सवर फुकट आहे आणि फार उत्तम आहे, पण रंग मोजणारं यंत्र लागतं आणि ते महाग. ज्यांना कलाकृतींच्या प्रती विकायच्या आहेत त्यांनी जरूर घ्यावं. प्रोफाइलसाठी मोजायचा रंगांचा तक्ता छापताना गुटेनप्रिंटची रंगदुरुस्ती ‘अनकरेक्टेड’वर ठेवा आणि पुढेही तीच ठेवा. प्रोफाइल गिंपनं लावलं आणि ड्रायव्हरनंही आपली दुरुस्ती केली, तर रंग दोनदा बदलतात. एकाच जागी एकदाच.

पावसाळा

आमच्याकडे जूनपासून हवा इतकी दमट असते की उघडा राहिलेला कागद संध्याकाळपर्यंत वळतो. तो हेडला घासतो आणि कडेला काळे डाग येतात. ग्लॉसी आणि मॅट मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते, लागतील तेवढेच कागद काढते, काम झालं की ट्रे रिकामा. एल८०५ ची शाई डाय, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे, पाणी लागलं की ओघळते, म्हणून फ्रेम किंवा लॅमिनेशन २४ तास सुकल्यावरच. घाई केली तर आत ओल अडकते आणि काचेला फोटो चिकटतो.

लाइट जाते तेव्हा हेड अर्ध्यात उघडं राहतं. लाइट आली की लगेच मशीन चालू करा, ते आपलं आपण हेड जागेवर नेऊन झाकतं. रोज दुकान बंद करताना भिंतीवरचं बटण थेट बंद करू नका: आधी प्रिंटरचं पॉवर बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग भिंतीवरचं. आणि काम नसलं तरी आठवड्यातून एकदा सगळ्या रंगांचं एक छोटं पान काढत जा, म्हणजे शाई नळीत बसून राहत नाही.